एका गावात राहणे आणि एकमेकांना ओळखणे

सप्रेम नमस्कार.

सांस्कृतिक भिन्नता शिकवण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात मराठी आणि गुजराती माणसे एकत्र नांदत असताना महाविद्यालयात सांस्कृतिक भिन्नतेचा तास कशाला, आणि अशा तासाने मुले माणसांवर शिक्के मारायला शिकत नाहीत का, असे आपण विचारले आहे.

दुसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींना आकड्यांत मोजले; त्यांचे ते गुणांक आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ मधील पाहण्यांवर उभे आहेत. एका कंपनीतल्या नोकरदारांच्या सरासरीवरून अख्ख्या भारताला एक आकडा देणारा तो तक्ता मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे, ही माझी चूक होती. आता तो शेवटी येतो, तोही तपासण्यासाठी.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. दांडिया बाजारात भाड्याने राहणाऱ्या टांझानियाच्या एका विद्यार्थ्याला शेजारच्या घरातून निघताना ‘आवजो’ म्हटले गेले. गुजराती नुकतीच शिकू लागलेल्या त्या मुलाने ‘या’ एवढाच अर्थ घेतला आणि दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा दारात उभा राहिला. त्याने हे वर्गात सांगितले तेव्हा सगळे हसले. मी मराठी मुलांना विचारले, घरून निघताना तुम्ही काय म्हणता? थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “येते.” जाताना ‘जाते’ म्हणू नये हे तिला आजीने शिकवले होते, पण शेजारचे ‘आवजो’ आणि आपले ‘येते’ एकाच भावनेतून आले आहेत हे वीस वर्षे या गावात राहून तिच्या ध्यानात आले नव्हते. ते परक्या मुलाच्या गोंधळामुळे आले. माझा तास एवढ्याचसाठी आहे.

आणि एकत्र नांदण्याविषयी आपण लिहिता, तेव्हा १९१७ साल आठवावे अशी माझी विनंती आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकून आलेले डॉ. आंबेडकर याच संस्थानात नोकरीला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन ते उतरले, आणि ओळख उघड होताच त्यांना तेथून हुसकावून लावण्यात आले. हाताने जेवावे की चमच्याने, असा तो भेद नव्हता. ज्याच्यापाशी घराची किल्ली असते तोच तेथे ठरवतो की समोरचा कोण आहे. भिन्नता शिकवताना हा भाग गाळला, तर आपण म्हणता तसे खरोखरच नुसते शिक्के उरतील, आणि माझ्या मूळ लेखात तो गाळला गेला होता हे मी कबूल करतो. आजही खोली शोधणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना आधी आडनाव विचारले जाते आणि भाडे नंतर सांगितले जाते.

पुढच्या सत्रातला पहिला तास मी कमाटीबागेत, संकल्पभूमीपाशी, म्हणजे हुसकावले गेल्यावर डॉ. आंबेडकर जिथे झाडाखाली बसले होते त्या जागेपाशी घेणार आहे. आपण वडोदऱ्यातच असाल तर अवश्य यावे आणि आपला आक्षेप मुलांसमोर मांडावा.