पहिल्या पगाराआधीचे कपडे

माझ्या भाचीला सांगलीत विश्रामबागेतील एका खासगी कार्यालयात पहिली नोकरी लागली. रुजू होण्यापूर्वीच तिला ‘फॉर्मल कपड्यांतच यावे’ अशी लेखी सूचना मिळाली आणि त्यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेली चर्चा मी इंग्लंडमधील लीड्स शहरात बसून वाचली. मुलींनी कार्यालयात पंजाबी ड्रेस घालावा की पँट-शर्ट, जीन्सला हरकत का असावी, इथून निघालेली ती चर्चा मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांसाठी काढलेल्या पेहरावाच्या सूचनांपर्यंत गेली. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता व दुपट्टा, शिक्षकांनी फिकट शर्ट आणि गडद पँट वापरावी, शर्ट खोचलेला असावा, जीन्स आणि टी-शर्ट नकोत, असे त्या सूचनांत होते. ग्रुपवर कोणी शिस्तीची बाजू घेतली, कोणी स्वातंत्र्याची. हे कपडे घ्यायला पैसे कोठून येणार आणि ते अंगावर वागवत आठ तास बसणाऱ्या माणसाचे काय होणार, हे मात्र कोणीच विचारले नाही. मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते.

ब्रिटनमध्ये या खर्चाचा विचार निदान कमी पगाराच्या नोकरांपुरता तरी कायद्याने केला आहे. मालकाने काळी पँट आणि पांढरा शर्ट असे ठरावीक कपडे सक्तीचे केले, नोकराने ते पदरच्या पैशाने घेतले आणि तो खर्च वजा जाता त्याचे वेतन किमान वेतनाखाली गेले, तर तो मालकाकडून झालेला नियमभंग ठरतो. याचा अर्थ इथे सारे आलबेल आहे असा नाही. उंच टाचांचे बूट घातले नाहीत म्हणून लंडनमधील एका स्वागतिकेला घरी पाठवल्याचे प्रकरण २०१६ मध्ये गाजले, दीड लाखांवर लोकांनी सह्या केल्या, संसदेच्या समित्यांनी अहवाल दिला, तरी सरकारने त्यासाठी नवा कायदा केला नाही. त्यामुळे इकडचे सगळे उचलून सांगलीत न्यावे असे मी म्हणणार नाही. खर्चाचा हिशेब तेवढा न्यावा.

उलट, सांगलीकडे जे आहे ते लीड्सकडे राहिलेले नाही. बर्टन या कपडे शिवणाऱ्या कंपनीच्या हडसन रोडवरील अवाढव्य कारखान्यामुळे हे शहर एके काळी पुरुषांच्या सुटांसाठी नावाजलेले होते. आज मात्र नव्याने नोकरीला लागणारी मुले-मुली स्वस्त कपड्यांसाठी धर्मादाय संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत जातात. तिथे चांगली पँट अगदी थोडक्यात मिळते, पण तिची उंची कमी करून घ्यायला पँटच्या किमतीहून जास्त पैसे पडू शकतात. सांगलीत अजून कापड मीटरवर मिळते, विटा आणि इचलकरंजीचे माग फार लांब नाहीत, आणि मुख्य म्हणजे गल्लीत शिंपी आहे.

म्हणून भाचीला मी तयार कपड्यांच्या मागे न लागता कापड घ्यायला सांगितले. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, अठ्ठावन्न इंच असेल तर पँटला साधारण सव्वा मीटर पुरते. एप्रिलच्या उन्हात निव्वळ पॉलिस्टर अंगाला चिकटते, तर पावसाळ्यात निव्वळ सुती कपडा वेळेवर वाळत नाही आणि रोज इस्त्री मागतो, तेव्हा पँटसाठी मिश्र धाग्याचे आणि कुर्त्यासाठी सुती कापड घ्यावे. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी पाण्यातून काढून घ्यावे, म्हणजे नंतर आटून तंग होत नाही. माप देताना एकदा खुर्चीवर बसून दाखवावे, कारण उभ्याने बरोबर बसणारी पँट टेबलाशी बसल्यावर कमरेला काचते. मागच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आतले जादा कापड, सोडायला सांगावी. आणि कुर्त्याला खिसा हवाच; तो शिवून घेता येतो, हे आपल्याकडच्या मुलींचे मोठे सुख आहे, आणि ‘बायकांच्या कपड्याला खिसा कशाला’ असे कोणी म्हटले तरी हट्टाने मागून घ्यावा. दोन गडद पँटी आणि तीन कुर्ते आलटून-पालटून घातले की पहिले काही महिने सहज निघतात.

तरीही हा खर्च पहिला पगार हातात येण्याआधीचा असतो. भाचीच्या पाठीशी आई-वडील आहेत. तासगाव किंवा जतहून येऊन सांगलीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला खोलीची अनामत भरून वर हे पैसे उभे करायचे असतात. विशिष्ट पेहराव हवाच असेल, तर कार्यालयांनी त्याचा भत्ता नियुक्तीपत्रात लिहावा; तेवढे जमत नसेल, तर पहिला पगार होईपर्यंत स्वच्छ आणि नीटनेटके असलेले कोणतेही कपडे चालतील, एवढे एक वाक्य त्याच सूचनेत घालावे. शिक्षकांच्या पेहरावाचा वाद पुन्हा निघेल तेव्हा संघटनांनीही साडी की सलवार यापेक्षा हीच मागणी आधी मांडावी.