जुलाब लागलेत म्हणलं की ती अफवा कशी होते?

परत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कुलूप लावलंय. आता फक्त ॲडमिनच मेसेज टाकणार. गावात साथ आली की सगळ्यात पहिलं काम हेच करतेत, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर नंतर, पाईपलाईन त्याच्याही नंतर, आधी लोकांची तोंडं बंद. डोकं फिरलंय माझं म्हणून इथं लिहायलोय, तिथं लिहूच देईनात.

आमच्या गल्लीत नळाला पिवळट पाणी यायलंय, वास मारायलंय, आणि कशामुळं ते शेंबड्या लेकराला पण कळतंय. पाईपचा जोड नालीत बुडालेला आहे. नळ बंद झाले की नालीतलं घाण पाणी त्या जोडातून आत ओढलं जातं आणि पुढच्या पाळीला पहिली घागर भरती ती त्याच पाण्यानं. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ रोज येत नाहीत, त्यामुळं पहिलं पाणी कोणी सोडून देत नाही, पुरवून वापरायचं असतंय. लेकरं, म्हातारी माणसं उलट्या-जुलाबानं आडवी पडलीत. उपकेंद्रात खाट मिळाली नाही म्हणून शेजारच्या मावशीला बाकड्यावर झोपवून सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधली होती.

मी त्या जोडाचा व्हिडिओ काढला अन् ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की पाणी उकळून प्या, जुलाब लागले तर ओआरएस पाजा, आशाताईला सांगा, अंगावर काढू नका. बस एवढंच. थोड्या वेळात व्हिडिओ डिलीट आणि मला फोन, "भाऊ, गावाची बदनामी कशाला करायलाव? लोक घाबरायलेत. अफवा पसरवली म्हणून केस होईल तुमच्यावर."

अरे त्यात खोटं काय होतं ते तर सांगा! जोड नालीत नाही का? माणसं आजारी नाहीत का? मी चुकलो असंल तर सगळ्यांसमोर ओटी टेस्ट करा, नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरीन असंल तर रंग पिवळा होतो, नसंल तर होत नाही, दोन मिनिटाचं काम आहे. ही टेस्ट रोज करायची असती, वही भरली जाती, टेस्ट करताना आजपर्यंत कोणी बघितलं नाही. जिल्हा परिषद वर्षातून दोनदा पाण्याची तपासणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड देती, आमच्या गावाला कोणतं मिळालं ते विचारलं की राजकारण करायलाव म्हणतेत.

ॲडमिनचं म्हणणं, उद्या आमच्यावर येईल. कसं येईल? मेंबरनं काही टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही हे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 लाच सांगितलंय. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 54 दाखवून भीती घालतेत, पण ते खोटा इशारा देऊन घबराट करणाऱ्यासाठी आहे, फुटका जोड दाखवणाऱ्यासाठी नाही. आणि घटनेच्या 19(2) मधे बोलण्यावर बंधन घालायची जी कारणं दिलीत ती एकदा वाचा, देशाची सुरक्षा आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, कोर्टाचा अवमान आहे, अब्रुनुकसानी पण आहे, पण लोकांना खरं सांगितलं, साहेबाला राग आला, हे त्यात कुठंच नाही.

अफवा वाईटच असती, मला मान्य आहे. 2020 ला चिकननं कोरोना होतो म्हणून मेसेज फिरले अन् पोल्ट्रीवाले शेतकरी धुळीला मिळाले. असलं पसरवणाऱ्याला धरा ना! पण आमच्याच ग्रुपवर जुलाबावर कसला कसला काढा फॉरवर्ड झाला, दवाखान्यात जायची गरज नाही असं त्यात लिहिलंय, तो मेसेज अजून तसाच आहे, त्याला कोणी हात लावला नाही. माझा व्हिडिओ तेवढा उडवला.

कोरोनात काय झालं विसरले का सगळे? एप्रिल 2021 ला अंबाजोगाईत एका अँब्युलन्समधे 22 मृतदेह कोंबून नेले, ते फोटो बाहेर आले म्हणून जगाला कळलं, नाहीतर आपल्या बीड जिल्ह्यात काय चाललंय ते कोणी विचारलं पण नसतं. त्याच आठवड्यात 30 एप्रिलला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ऑक्सिजन, बेड मिळत नाही असं सोशल मीडियावर लिहिणाऱ्याची मुस्कटदाबी केली तर तो कोर्टाचा अवमान समजू. आणि सुरुवातीला वुहानमधे तो डॉक्टर ली वेनलियांग, त्यानं पण डॉक्टर मित्रांच्या ग्रुपवरच सावध केलं होतं, पोलिसांनी बोलवून अफवा पसरवतो म्हणून सही करून घेतली, फेब्रुवारी 2020 ला त्याच आजारानं गेला. एवढं सगळं बघूनसुद्धा आमच्याकडं पहिला फोन पाणीपुरवठ्याच्या माणसाला जात नाही, व्हिडिओ काढणाऱ्याला जातो!

आणि गप्प बसवल्यानं लोक घाबरायचे थांबलेत का? उलट जास्त घाबरलेत. पारावर कोणी म्हणायलंय कॉलरा आहे, कोणी म्हणायलंय टाकीत काहीतरी मेलंय, ज्याच्याकडं पैसे आहेत तो जार विकत आणायलाय आणि ज्याच्याकडं नाहीत तो तेच पाणी पितोय, कारण खरं काय ते सांगायला कोणी तयार नाही.

तो जोड नालीतून वर काढा, टाकी धुवा, पाण्याचा रिपोर्ट आला की आहे तसा ग्रुपवर टाका. व्हिडिओ तालुका आरोग्य अधिकारी आणि बीडीओ (गटविकास अधिकारी) दोघांना पाठवलाय मी, जिल्हाधिकारी ऑफिसला पण मेल केलाय. केस करायची तर खुशाल करा, मी डिलीट करणार नाही.