एक लिंक पाठवायची होती हो, बस!

ग्राहकाला उत्तरात एक लिंक पाठवायची. एवढंच काम. पण हेल्पडेस्कच्या सॉफ्टवेअरला ते बघवत नाही. एडिटरमध्ये निळी, अधोरेखित, देखणी लिंक. ग्राहकाच्या मेलमध्ये मात्र अँकर टॅगची, म्हणजे लिंकमागच्या कोडची, सगळी हाडं उघडी. तो बिचारा विचारतो, "हे काय पाठवलंत?"

टॅग गाळणं समजू शकतं. कोणी स्क्रिप्ट, म्हणजे घातक कोड, घुसवू नये म्हणून एचटीएमएल (मजकूर सजवणारे हेच टॅग) चाळून घ्यावंच लागतं. पण मग एडिटरवर ठळक, रंगीत, तक्ता ही बटणं मिरवता कशाला? शिवाय एचटीएमएल मेलसोबत साध्या मजकुराची प्रत जाते ना, ती बनवताना हे दिवटे लिंकचा पत्ताच फेकून देतात! उरतं काय, तर "इथे क्लिक करा". इथे म्हणजे कुठे? कपाळावर?

बरं, पत्ता उघडाच लिहावा, तर वाक्याचा पूर्णविराम त्याला चिकटतो आणि समोरच्याला ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दिसतं. पत्ता लांबलचक असला की ओळीच्या टोकाला तुटतो. अर्धा निळा, अर्धा काळा. (ग्राहक तो निळा अर्धाच दाबतो, हे सांगायला नकोच.) तयार उत्तरांना एचटीएमएल चालतं, हाताने लिहिलेल्याला चालत नाही, आणि मोबाइल ॲपमधून पाठवलं की मार्कडाउनचे, म्हणजे साध्या खुणांनी लिंक लिहायच्या पद्धतीचे, चौकटी कंस जसेच्या तसे पोचतात.

पाठवण्याआधी ग्राहकाला नेमकं काय दिसेल ते दाखवणारं बटण? छे! ते नाही. अक्षरांना रंग मात्र सतरा. आणि ग्राहकाच्या तक्रारीचं तिकीट पुन्हा उघडतं ते माझ्याच नावावर.