रेन-ल-शातोचा खजिना: गोष्ट झकास, हिशेब वेगळाच

दावा असा फिरतो: दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो या डोंगरावरच्या खेड्यात 1885 साली बेराँजे सोनिएर नावाचा कफल्लक पाद्री आला. चर्चच्या दुरुस्तीत त्याला पोकळ खांबातून गुप्त लिपीतली चर्मपत्रं मिळाली, त्यांच्या आधारे जेरुसलेमच्या मंदिरातलं सोनं हाती लागलं आणि गडी कोट्यधीश झाला. वर येशूच्या वंशाचं गुपित फुकट. "दडवलेला इतिहास" म्हणून हे मराठीतही पुढे ढकललं जातं. तर एकेक बघू.

म्हणे, रोम लुटून मंदिराचं सोनं इकडे आणणाऱ्या व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीची इथे तीस हजार वस्तीची राजधानी होती. गाव ओद जिल्ह्यात, कार्कासॉनच्या दक्षिणेला. खाली कुइझा, तिथून वळणं घेत रस्ता वर चढतो. माथा एवढासा, की गाव संपायला पायी काही मिनिटं पुरतात. आजची वस्ती शंभराच्या आत. तीस हजार माणसं इथे राहणार कुठे आणि पाणी पिणार कुठलं? आठव्या शतकाच्या अखेरीस बिशप थिओडुल्फने कार्कासॉनसोबत 'रेदे'चा उल्लेख केलाय, ते हेच ठिकाण असेलही. म्हणजे एखादं तटबंदीचं ठाणं होतं, इतपत मान्य.

मंदिराच्या सोन्याचं म्हणाल तर सहाव्या शतकातल्या ज्या प्रोकोपियस या इतिहासकाराचा हवाला देतात, तोच पुढे सांगतो की कार्कासॉनमधला खजिना थिओडोरिक राजाने इटलीत रावेनाला नेला. हे वाक्य सोयीस्करपणे गाळलं जातं.

आता मुख्य प्रश्न: पैसा आला कुठून? कारण पैसा खराच आला होता. चर्च नवं केलं, 'व्हिला बेथानी' उभा राहिला, दरीच्या कडेला 'तूर माग्दाला' हा बुरूज बांधला. बिशपने जाब विचारला तेव्हा सोनिएरने स्वतःच सुमारे 1,93,000 फ्रँकचा खर्च दाखवला. पगार महिना 75 फ्रँक; म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त वर्षांचा पगार. इथवर संशय रास्त आहे.

पण उत्तर त्याच्याच वह्यांत आहे. मृतांसाठी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) अर्पण करायला फादरांना दक्षिणा देण्याची प्रथा वसई-गोव्यातल्या कॅथलिक वाचकांना ठाऊक आहे. दिवसाला एकाच मिस्सेचे पैसे घ्यायचे, असा नियम. दर फ्रँक-दीड फ्रँकचा धरला तरी वर्षाकाठी सहाशेच्या वर कमाई जाऊ नये. सोनिएरने धार्मिक नियतकालिकांत जाहिराती देऊन, देशोदेशीच्या मठांना पत्रं लिहून मिस्सांची मागणी गोळा केली. मनिऑर्डरी येत राहिल्या, तो नोंदी करत राहिला. त्या सगळ्या मिस्सा अर्पण करणं एका माणसाला शक्यच नव्हतं. शिवाय देणग्या होत्या. 3,000 फ्रँक तर शाँबोरच्या काउंटेसचे. चर्चच्या न्यायालयात खटला चालला तो मिस्सांच्या या धंद्यावरून. 1909 मध्ये बदली नाकारून त्याने राजीनामा दिला होता, 1911 मध्ये धर्मविधी करण्याचा अधिकारही गेला. उत्पन्न आटलं आणि बांधकामंही थांबली. तळघरात सोनं असलेला माणूस असा अडकत नाही.

मग खजिना आला कुठून? हॉटेलातून! सोनिएर 1917 मध्ये वारला. मालमत्ता त्याची घरकामवाली मारी देनार्नो हिच्या नावावर होती. 1946 मध्ये तिने ती नोएल कोर्ब्यू यांना विकली. त्यांनी 1955 मध्ये तिथे हॉटेल काढलं. डोंगरावर गिऱ्हाईक यायचं कसं? जानेवारी 1956 मध्ये 'ला देपेश द्यु मिदी' या वृत्तपत्रात अब्जाधीश पाद्र्याची गोष्ट छापून आली. गंमत अशी, की तेव्हाचा खजिना तेराव्या शतकातल्या ब्लांश द कास्तील या फ्रेंच राणीचा होता. येशू, त्याचा वंश, त्याचं गुपित, कशाचाही पत्ता नव्हता.

येशूच्या वंशाची जोड तर 1982 च्या 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' या इंग्रजी पुस्तकाने दिली, पण त्याचा पाया घातला पिएर प्लांतारने. स्वतःला मेरोव्हिंजियन, म्हणजे फ्रान्सच्या सुरुवातीच्या फ्रँक राजांचा वारस म्हणवून घेणाऱ्या या गृहस्थाने 1956 मध्ये 'प्रायरी ऑफ सायन' नावाची संस्था नोंदवली आणि तिला मध्ययुगीन वंशावळ चिकटवली. प्रसिद्ध चर्मपत्रं 1967 मध्ये जेरार द सेद यांच्या पुस्तकात झळकली. ती बनवल्याची कबुली प्लांतारचा साथीदार फिलिप द शेरिसे याने स्वतः दिली. यापुढे त्या लिपीची उकल करत बसण्यात काय हशील?

राहिला एका चित्राचा 'पुरावा'. पुसँ या फ्रेंच चित्रकाराने आपल्या मेंढपाळांच्या चित्रात जवळच्या पाँतील इथली कबर रंगवली, असं म्हणतात. चित्र 1640 च्या आसपासचं, कबर 1903 मध्ये बांधलेली! खजिनाशोधकांचा उपद्रव इतका वाढला की जमीनमालकाने 1988 मध्ये ती पाडून टाकली. गावाने तर 1965 पासूनच आपल्या हद्दीत खोदकामाला बंदी घातली आहे.