विंचवाचे बिऱ्हाड

‘गाडी घ्यायची आहे’ हे वाक्य साताऱ्यात घराबाहेर मोठ्याने उच्चारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घर घेताना किंवा मुलीचे स्थळ पाहताना लोक निदान विचारल्यावर सल्ला देतात. गाडीच्या बाबतीत तेवढाही धीर कोणाला निघत नाही. राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खाताना शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या घरातली माणसे, माझे रोजचे अंतर आणि माझा पगार ही सगळी माहिती भेळ संपायच्या आत काढून घेतली आणि ‘सीएनजीच घ्या’ असा निकाल देऊन ते हात धुवायला निघून गेले. सल्ला देणारे वेगवेगळे असले तरी सूर एकच असतो : नवी घ्या, साधी घ्या, ॲव्हरेज देणारी घ्या आणि विकताना किंमत येईल अशी घ्या. गाडी घरात येण्याआधीच ती विकण्याची काळजी करणे, हे आपल्याकडे व्यवहारज्ञानाचे पहिले लक्षण समजले जाते.

आमची जुनी अल्टो आता थकली होती आणि तिच्या जागी काय आणावे याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. शंका फक्त मला होती, कारण माझे मन एका विंचवावर जडले होते.

हा विंचू म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. 2015च्या ऑक्टोबरमध्ये ही गाडी आपल्याकडे आली. ती बनत असे इथून फार लांब नाही, पुण्याजवळच्या रांजणगावात. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण बॉनेटखाली 1.4 लिटरचे टर्बो, म्हणजे जास्तीची हवा कोंबून जोर वाढवणारे, पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि शून्यापासून शंभरचा वेग 8.8 सेकंदांत गाठण्याचा कंपनीचा दावा. मोजक्या हौशी लोकांनी ती घेतली, बाकीच्यांनी तिच्याकडे वळून पाहिले आणि स्विफ्ट घेतली. पुढे फियाटने इथल्या मोटारींचा गाशाच गुंडाळला. नाकावर लाल-पिवळ्या ढालीत जो विंचू आहे, तो अबार्थ कंपनीचे मूळ संस्थापक कार्लो अबार्थ यांच्या राशीवरून आला. त्यांचा जन्म 1908च्या नोव्हेंबरमधला, म्हणजे रास वृश्चिक. ही माहिती मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितली. गाडीला रास असते हे आईला लगेच पटले. तिची हरकत फक्त वृश्चिक राशीला होती.

आबांची अडचण वेगळी होती. त्यांच्या लेखी फियाट म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली आणि थंडीत शेजाऱ्यांच्या मदतीने सुरू होणारी पद्मिनी. ‘‘फियाटला विंचू कधी आला?’’ एवढेच त्यांनी विचारले आणि उत्तर न ऐकता पेपर उघडला.

दुसऱ्या बाजूला होती नवी वॅगनआर. तिच्याविषयी काय लिहायचे, हाच प्रश्न आहे. 1999च्या अखेरीस आलेले हे नाव आजतागायत टिकून आहे आणि आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीतच त्याच्या तीन पिढ्या एकामागे एक उभ्या दिसतात. एक लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, 66च्या आसपास अश्वशक्ती, 341 लिटरची डिकी आणि कागदावर 24च्या घरातले ॲव्हरेज. तिला नावे ठेवायला जागा नाही आणि तिच्याविषयी माझी खरी तक्रार तीच आहे. शहाणपणाच्या बाजूने बोलणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही. हौसेच्या बाजूने बोलणाऱ्याला मात्र सगळा हिशेब मांडून दाखवावा लागतो.

तो मी मांडला. ऑफिसातून उशिरा घरी येऊन, एक्सेलमध्ये रकाने पाडून मी असे दाखवले की जुनी गाडी घेणे हेच खरे शहाणपण आहे. विमा कंपन्यांच्या तक्त्याप्रमाणे नव्या गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांतच 5 टक्के, वर्ष भरेपर्यंत 15 टक्के आणि पाचव्या वर्षी निम्मी धरली जाते. जुन्या गाडीची ही घसरगुंडी आधीच्या मालकाच्या खिशातून होऊन गेलेली असते. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या नव्या पेट्रोल गाडीवर 11 टक्के वाहन कर एकरकमी भरावा लागतो, तोही जुन्या गाडीचा पहिल्यानेच भरलेला असतो. माझा मुद्दा बिनतोड होता. माझी पत्नी मात्र पतसंस्थेत हिशेब तपासते. तिने चष्मा लावला आणि वरून खाली बोट फिरवत आणले. गेल्या नवरात्रात, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून, लहान गाड्यांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला, तो या तक्त्यात कुठे आहे, असे तिने विचारले. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्याच दराने का धरला आहे, असेही तिने विचारले. मग तिचे बोट तळाशी येऊन थांबले. तिथे अबार्थच्या रकान्यात ‘मानसिक समाधान : दरमहा 2000 रुपये जमा’ अशी नोंद होती.

‘‘अहो, हे दोन हजार कुठल्या खात्यात जमा होणार?’’

मी म्हणालो, ‘‘ती अदृश्य मालमत्ता आहे.’’

‘‘मग हप्ताही अदृश्य भरा,’’ असे म्हणून तिने लॅपटॉप मिटला.

तरीही गाडी पाहायला काय हरकत आहे, या मुद्द्यावर एकमत झाले. जुन्या गाडीचा दलाल महामार्गालगत एका मोकळ्या प्लॉटमध्ये बसतो. या व्यवसायातल्या लोकांची भाषा ठरलेली असते आणि तो तिच्याशी प्रामाणिक होता. गाडी सिंगल हँड आहे, डॉक्टरांची आहे, मेंटेन केलेली आहे, एक रुपयाचे काम नाही, फक्त पेट्रोल टाकायचे आणि पळवायची. महाराष्ट्रात विकायला निघणाऱ्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्या कशा असतात आणि मग डॉक्टर नव्या गाड्या घेतात तरी किती, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पांढरी गाडी, बाजूने लाल पट्टा, नाकावर विंचू. पाटी एमएच 12ची, म्हणजे पुण्याची. त्यावर माझा मेव्हणा लगेच म्हणाला, ‘‘दाजी, या पाटीनं कासच्या हंगामात वर गेला, तर मक्याचं कणीसपण तुम्हाला टुरिस्टच्या भावात मिळंल.’’

मेव्हण्याबरोबर त्याच्या ओळखीचे मिस्त्रीही आले होते. ते फार बोलत नव्हते. त्यांनी बॉनेट उघडले, ऑईलचे झाकण काढून उलटे धरले, त्याच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून वास घेतला आणि मान हलवली. दाराच्या कडेचे रबर ओढून आतले वेल्डिंग पाहिले. तोवर दलाल मला सांगत होता, की टायर तर आत्ताच टाकलेत. मिस्त्री पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले, खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी टायरच्या बाजूवरचे चकचकीत पॉलिश पुसले आणि एका लांबट चौकटीतले चार आकडे वाचले : 2416. टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला, ते या चार आकड्यांत लिहिलेले असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

‘‘चोविसावा आठवडा, सोळा साल,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘मृगातला टायर हाय. आत्ताच टाकलाय, पण त्या सालच्या मृगात.’’

पॉलिश निघालेल्या जागी रबराला बारीक भेगा होत्या. दलालाने त्या भेगांकडे इतक्या आश्चर्याने पाहिले, की मलाच त्याची दया आली. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नव्हता, जुन्या पाटीच्या जागी उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली नव्हती, आणि एखादा सुटा भाग लागला तर तो कुठून आणायचा, या प्रश्नावर दलालाने नुसते वर पाहिले. इंजिनाला मात्र मिस्त्रींनी शंभर मार्क दिले. ‘‘इंजिन लय गुणी हाय. बाकीचं तुमचं तुम्ही बगा.’’

मग आम्ही ती यवतेश्वरच्या घाटात घातली. समर्थ मंदिराच्या पुढे चढ सुरू होतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली असेपर्यंत मला वाटले, हिच्यासाठी इतका वाद? आणि तेवढ्यात टर्बो भरला. पाठ सीटला टेकली, मेव्हण्याचे वाक्य अर्धे राहिले, आणि पुढचे वळण जिथे असायला हवे होते त्याच्या बरेच अलीकडे येऊन उभे राहिले. स्टिअरिंग जड होते, पण रस्त्यावर काय चालले आहे ते हातांना नीट कळत होते. खाली साताऱ्याची घरे दिसत होती, अजिंक्यतारा समोर होता, आणि मी एक्सेलमधले दोन हजार मनातल्या मनात तीन हजार केले. दुसऱ्या वळणानंतर पुढे बामणोलीची एस.टी. आली. तिच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये, काळा धूर पीत, 145 अश्वशक्ती यवतेश्वरपर्यंत शिस्तीत चढल्या.

न्यायाने बोलायचे, तर साताऱ्यात अशा गाडीला वाव किती? कासला फुलांच्या दिवसांत गाड्यांची रांग असते. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, घाट लागतो तो येताना, आणि त्या घाटात उजव्या रांगेतून ट्रक ट्रकला ओलांडत असतो. रोजचा प्रवास शाहूपुरी ते पोवई नाका. त्यात तिसरा गिअर पडला तरी दिवस चांगला म्हणायचा. आणि गतिरोधक! नियमांच्या पुस्तकात गतिरोधकाची उंची 10 सेंटीमीटर आणि रुंदी 3.7 मीटर सांगितली आहे. आमच्या गल्लीतला गतिरोधक रहिवाशांनी स्वखर्चाने केलेला असल्यामुळे रस्त्यात आडव्या झोपलेल्या म्हशीएवढा आहे. विंचवाचे पोट जमिनीपासून जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर वर. घरी आणताना आम्ही गाडी त्यावर तिरकी घातली, मेव्हण्याला खाली उतरवले, तरीही खालून जो आवाज आला तो ऐकून दोन खिडक्या उघडल्या.

घरापुढे गाडी उभी राहताच आबांनी डिकी उघडायला सांगितली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात. या विंचवाचे बिऱ्हाड 280 लिटरचे आहे. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून येताना घेवड्याचे एक पोते, नारळ, लोणच्याची बरणी आणि कोणाची तरी परत करायची कळशी एवढे सामान नेहमीच असते. आबांनी हाताने माप घेतले आणि कळशी बाहेर राहील, असा निर्णय दिला. मग त्यांनी अनपेक्षित मुद्दा काढला. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, आणि ते उसापासूनही होते, म्हणजे आपल्या शेतातल्या उसावर गाडी पळणार, याचा त्यांना मोठा अभिमान होता. मिस्त्रींनी मात्र जपून सांगितले, की इतक्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी केलेल्या नाहीत, त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागेल. ‘‘म्हणजे आपला ऊस हिला पचत नाही?’’ आबा म्हणाले. त्यानंतर त्यांच्या दृष्टीने ही गाडी विषय म्हणूनही उरली नाही.

शेवटी आई बसली. बसली म्हणण्यापेक्षा ती आत उतरली. आधी एक पाय, मग दाराचा आधार, मग ‘अगं आई गं’, आणि मग सीट तिच्या अपेक्षेपेक्षा वीतभर खाली असल्याचे तिला व आम्हाला एकदमच कळले. बाहेर येताना गुडघे वर आणि जमीन खाली अशी परिस्थिती झाली. एक हात मी धरला, एक मेव्हण्याने. पत्नी मागून डोके वर लागू नये म्हणून छतावर हात ठेवून उभी राहिली. पदर सारखा करून आईने गाडीकडे पाहिले. रागावली नव्हती ती.

‘‘चांगली आहे रे गाडी. तुम्ही दोघं जावा तिच्यातनं. मी एस.टी.नं येते.’’

माझ्या रकान्यांत एस.टी.चे तिकीट धरलेले नव्हते.

वॅगनआरच्या शोरूमबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. आईने पाऊल उचलले आणि ती सीटवर बसली; कोणाचा हात लागला नाही. पिशवी मांडीवर घेऊन तिने काच खाली-वर करून पाहिली. आबांनी डिकीत कळशीची जागा बोटाने दाखवली. पत्नीने विम्याचा आकडा खोडून दुसरा लिहायला लावला. मी कुठला तरी रंग सुचवला, तो विकताना चालत नाही असे मला सांगण्यात आले, आणि राखाडी रंग ठरला. सेल्समनने स्पोर्टी स्टिकर लावायचे का, असे विचारताच घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिले, त्यामुळे त्या स्टिकरांची किंमत शेवटपर्यंत कळली नाही.

बुकिंगची पावती खिशात असतानाच दलालाचा फोन आला. विंचू गेला होता. वाठारच्या बाजूचा कोणी तरुण रोख पैसे देऊन घेऊन गेला, टायरबद्दल त्याने काही विचारले नाही. मी अभिनंदन केले.

‘‘ते असू द्या साहेब. तुमची जुनी अल्टो काढणार असाल तर माझ्याकडंच आणा, गिऱ्हाईक तयार आहे. तुम्ही काय करता म्हणालात?’’

‘‘कॉलेजात क्लार्क आहे.’’

तो क्षणभर थांबला. ‘‘हरकत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘डॉक्टर म्हणू.’’