विंडोलँडा भिंतीसाठी बांधलं नव्हतं, आणि ४१० साली ओसही पडलं नाही

उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलँडा या रोमन ठाण्याविषयीचा एक मजकूर सारखा फिरत असतो. सोबत हेड्रियनच्या भिंतीचा झकास फोटो. आशय असा: रानटी टोळ्यांना थोपवायला सम्राट हेड्रियनने भिंत बांधली, तिच्या पहाऱ्यासाठी विंडोलँडाचा किल्ला उभारला, इटलीहून आलेले रोमन शिपाई तिथे बायकामुलांवाचून थंडीत कुडकुडत राहिले, आणि ४१० साली फौज परतली तशी जागा ओस पडली. वाचायला छान आहे. पण जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि त्यातली बरीचशी तिथे राहणाऱ्यांच्या स्वतःच्या पत्रांनीच खोडून निघतात.

आधी भिंत. तिचं काम सुरू झालं इ. स. १२२ च्या सुमारास. विंडोलँडाचा पहिला लाकडी किल्ला ८५ च्या आसपासचा. म्हणजे भिंतीचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता तेव्हा इथे एक पिढी नांदून गेली होती. किल्ला भिंतीवर नाही, तिच्या दक्षिणेला सुमारे दीड किलोमीटरवर आहे, आणि तोही कॉर्ब्रिज ते कार्लाइल या रस्त्यासाठी. स्कॉटलंडमध्ये आत घुसलेली रोमन फौज ८० च्या दशकाच्या अखेरीस मागे घेतली गेली, कारण युरोपातल्या डॅन्यूब नदीवरच्या सरहद्दीवर माणसं हवी होती. मग हा रस्ताच सरहद्द झाला. भिंत आली ती नंतर. आणि त्या भिंतीलाही दर रोमन मैलाला एक चौकी होती, चौकीला उत्तरेकडेही दार होतं. माणसं अजिबात जाऊ द्यायचीच नसती तर इतकी दारं कशाला ठेवली असती?

इथे एकावर एक असे नऊ किल्ले झाले. नवी पलटण आली की जुनं लाकडी बांधकाम पाडायची, त्यावर माती नि गवताचे ढेपे टाकून नवं उभारायची. खालच्या थरांना हवा मिळाली नाही म्हणून चामडं, कापड, लाकूड टिकलं. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना तिथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पाट्या सापडल्या. हिशेब, हजेरी, रजेचे अर्ज, खासगी पत्रं. अशा शेकडो पाट्या आज वाचून झाल्या आहेत.

त्यातली हजेरी पाहा. तुंग्रींची पहिली पलटण, १८ मे. पटावर ७५२ माणसं. त्यातली ४५६ बाहेर, त्यांपैकी ३३७ एकट्या कॉर्ब्रिजला. ठाण्यात उरले २९६, आणि त्यातले ३१ कामाच्या बाहेर: १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. आता ‘इटलीहून आलेले’ कुठे बसवायचे? तुंग्री आजच्या बेल्जियमचे. त्यांच्यानंतर आलेले बटावी ऱ्हाइनच्या मुखाकडचे, आजच्या नेदरलँड्सचे. तिसऱ्या शतकात गॉलची, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सची, चौथी पलटण आली. ही सगळी रोमची साहाय्यक फौज, आणि तिच्यातल्या बहुतेक शिपायांना नागरिकत्व मिळायचं ते पंचवीस वर्षं चाकरी केल्यावर. मास्क्लस नावाचा एक अधिकारी आपल्या वरिष्ठाला, फ्लाव्हियस केरिआलिसला, विचारतो की उद्या काय करायचं, आणि जाता जाता कळवतो: माझ्या साथीदारांकडची बिअर संपली आहे, पाठवायची व्यवस्था करा. मागणी इटलीकरांच्या वाइनची नाही, हे लक्षात घ्या. दुसऱ्या एका हिशेबात दोन दिनारियसची (रोमन चांदीचं नाणं) मिरी आहे. मिरी म्हणजे मलबारची. सरहद्दीवरचा साधा शिपाई ती विकत घेत होता.

‘बायकामुलांवाचून’ हा दावा सगळ्यात चिवट. त्याचं मूळ कळतं: साध्या शिपायाला नोकरीत असताना कायदेशीर लग्न करता येत नसे. पण कायद्यात लग्न नाही म्हणजे घरात बाई नाही, हा निष्कर्ष कुणी काढला? विंडोलँडात पाच हजारांवर चामडी पादत्राणं निघाली आहेत. त्यांत बायकांची आहेत, लहान मुलांची आहेत, आणि ती फक्त सेनाधिकाऱ्याच्या घरात नाहीत, बराकींच्या थरांतही सापडली. सेनाधिकारी तर उघडपणे सहकुटुंब राहायचे. शेजारच्या एका ठाण्यातली क्लॉडिया सेवेरा केरिआलिसच्या बायकोला, सुल्पिकिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचं आमंत्रण धाडते. साल साधारण १००. मजकूर लेखनिकाने लिहिलेला, पण शेवटच्या काही ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत. बाईच्या हस्ताक्षरातलं इतकं जुनं लॅटिन लिखाण क्वचितच कुठे उरलं आहे.

किल्ल्याच्या तटाबाहेर गावही होतं. तिथल्या रहिवाशांनी ‘विंडोलँडाचे गावकरी’ म्हणून व्हल्कन देवाला अर्पण केलेली वेदी सापडली आहे. आपली अशी ओळख दगडात कोरून ठेवणारे लोक छावणीमागे फरफटत आलेले उपरे खासच नव्हेत.

रानटी टोळ्यांचं म्हणाल तर ब्रिटनांना हिणवणारा एक तुच्छ शब्द एका पाटीत आहे खरा. त्यांच्याकडे घोडेस्वार पुष्कळ, अंगावर चिलखत नाही, असं काहीसं निरीक्षण आहे ते. शिपाई स्थानिकांना बरोबरीचे मानत नव्हते, आणि लढायाही होत होत्या. एका सेंच्युरियनच्या, म्हणजे तुकडीच्या नायकाच्या, थडग्यावर ‘युद्धात मारला गेला’ असं कोरलेलं आहे. पण पत्रांचा मोठा भाग लढाईचा नाहीच. ऑक्टेव्हियस नावाचा व्यापारी ५०० दिनारियस तातडीने मागतो, आणि कातडी आणायला गेलो नाही कारण रस्ते खराब आहेत, असं कारण देतो. समुद्रापलीकडून आलेला दुसरा एक व्यापारी आपल्याला निरपराध असताना छड्यांनी मारलं म्हणून तक्रार करतो. सरहद्दीवर त्रास होता तो असाही होता, खुद्द रोमन अधिकाऱ्यांकडून.

राहिलं ४१०. ब्रिटनमधल्या शहरांनी आपलं रक्षण आपणच करावं, असं सम्राट होनोरियसने कळवल्याची एक त्रोटक नोंद आहे. एवढ्यावरून ‘फौज परतली’ हे नाट्य उभं राहिलं. त्या नोंदीत विंडोलँडाचं नाव नाही, आणि ती ब्रिटनबद्दल नसून दक्षिण इटलीतल्या एका प्रांताबद्दल असावी असं मानणारेही इतिहासकार आहेत. जमिनीखालून निघालेला पुरावा वेगळंच सांगतो. बाहेरचं गाव त्याआधीच, तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, रिकामं झालं होतं. तटाच्या आत मात्र वस्ती पाचव्या शतकानंतरही चालू होती. तिथे चर्च उभं राहिलं, आणि त्याच्या ढिगाऱ्यातून ख्रिस्ती चिन्हं खरवडलेल्या शिशाच्या प्याल्याचे तुकडे निघाले. ही बातमी २०२० मध्ये जाहीर झाली. साधारण इ. स. ५०० च्या सुमाराची एक समाधिशिळाही इथलीच. तिच्यावरचं नाव ब्रिगोमाग्लोस. नाव ब्रिटनांचं, लिपी लॅटिन.