‘हरित खरेदी म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

तो मेसेज एव्हाना रावेरपासून शहाद्यापर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरून झालाय, ठेकेदारांच्या, ग्रामसेवकांच्या, कॉलेजच्या जुन्या बॅचच्या पण. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सरकारने पर्यावरण बघून खरेदी करायची हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, आपल्यासारख्या गरीब जिल्ह्यांना परवडत नाहीत, असा माल महागच पडतो, नियमात एल-वन (सर्वात कमी दरवाला) सोडून दुसऱ्याला ऑर्डर देताच येत नाही, हा छोट्या सप्लायरला हाकलून मोठ्या कंपन्यांना आत घ्यायचा डाव आहे, आणि ई-बसचं काय झालं ते बघा. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

माझं पोट टेंडरांवर चालतं भो, म्हणजे महाटेंडर न् जेम या सरकारी खरेदीच्या वेबसाइटींवर मी लोकांची टेंडरं भरून देतो, त्यामुळे पुढे पाठवायच्या आधी जरा बोलू द्या.

‘असा माल महागच पडतो’

दुकानातली किंमत बघितली तर पडतो, बऱ्याचदा. पंख्याचंच घ्या. साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसीवाला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ ते ३५. किमतीत फरक हजार-दीड हजाराचा. आता आपल्याकडे होळी झाली की पाऊस पडेपर्यंत पंखा बंद करायची कुणाची हिंमत नसते, भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो हे काय सांगायला नको. तरी हिशोब हात राखून करू: रोजचे ८ तास, वर्षाचे २४० दिवस, फरक ४५ वॅटचा, झाले ८६ युनिट. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला ६९० च्या आसपास. दोन वर्षांत वरचे पैसे वसूल आणि पंखा तर दहा वर्षं गरगरणार आहे.

मग घेत का नाहीत? कारण पंखा बजेटच्या एका हेडातून घेतला जातो आणि लाईटबिल दुसऱ्या हेडातून जातं, पंखे घेणाऱ्याला स्वस्तात घेतले म्हणून शाबासकी आणि बिल थकलं की शाळेचं मीटर कट, दोन्ही कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत. महाग काय न् स्वस्त काय हे त्या दोन कागदांची बेरीज केल्याशिवाय कळणार कसं? मेसेज लिहिणाऱ्याने पहिलाच कागद बघितलाय.

दुसरं म्हणजे महाग वस्तू स्वस्त करायची ताकद घाऊक गिऱ्हाइकात असते आणि सरकारएवढं घाऊक गिऱ्हाईक देशात दुसरं नाही. एलईडी बल्ब आठवा. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी कंपनी ईईएसएलला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, पुढे जानेवारी २०१५ ला उजाला योजना आली, लाखा-कोटीत टेंडरं निघाली आणि दोन-तीन वर्षांत तोच बल्ब ३८ रुपयांवर आला. जगभर एलईडी स्वस्त होत होतेच, मान्य, पण आपल्याकडे एवढ्या झपाट्याने भाव पडला तो या ठोक खरेदीमुळे. आज कुठल्याही किराणा दुकानात एलईडी मिळतो, पण २०१४ ला हाच मेसेज एलईडीबद्दल फिरला असता.

‘नियमात एल-वनच’

ही ओळ सगळ्यात जास्त लोकांना पटलेली दिसते आणि तीच सगळ्यात चुकीची आहे.

एल-वन म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये (माल कसा हवा त्याच्या लेखी अटींत) बसणाऱ्यांतला सर्वात कमी दर. बसणाऱ्यांतला. आणि स्पेसिफिकेशन आभाळातून पडत नाही, ते खातं लिहितं. टेंडरमध्ये ‘पंखा, १२०० मिमी’ एवढंच लिहिलं तर ७५ वॅटवाला एल-वन येणार, ‘१२०० मिमी, ३५ वॅटपेक्षा जास्त नको, बीईईचा (वीज बचतीचं रेटिंग देणाऱ्या सरकारी संस्थेचा) ५ स्टार’ लिहिलं तरीही एल-वनच येणार, फक्त चांगल्यातला. केंद्राच्या जीएफआर २०१७ (सर्वसाधारण वित्तीय नियम) मध्ये तर ठरावीक विजेची उपकरणं नेमून दिलेल्या स्टार रेटिंगच्या खालची घेऊ नका असं चक्क सांगितलंय. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आणखी पुढे जाऊन काही कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली, म्हणजे तिथे तर नुसता एल-वनही राहिला नाही. राज्याची खरेदीची नियमपुस्तिका वेगळी, १ डिसेंबर २०१६ च्या जीआरची, पण स्पेसिफिकेशन लिहायचं काम तिथेही खात्याचंच.

अडचण नियमाची नाही, कॉपी-पेस्टची आहे. एका ऑफिसच्या टेंडरमध्ये मागच्या फाईलचा मजकूर जसाच्या तसा उचललेला मी बघितलाय, त्यात ४० वॅटची ट्यूब मागितलेली, तीही चोकसकट! बाजारात सगळे एलईडी पट्ट्या विकतायत आणि सप्लायर बिचारा चोक शोधत फिरतोय.

‘आपल्यासारख्या गरीब जिल्ह्यांना हे परवडत नाही’

आता दीपनगरकडे या. भुसावळच्या औष्णिक केंद्रातून कोळसा जळून राख निघते, ती वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात साठते आणि वारं सुटलं की आजूबाजूच्या गावांत कपड्यांवर, पिकांवर बसते. ही राख वापरा असं सरकार १९९९ पासून सांगतंय. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत, सरकारी असो की खाजगी, राखेपासून बनलेला माल वापरायचा आहे. दीपनगरपासून मोजलं तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यात येतात. आणि मजा म्हणजे त्यातच अट आहे की हा माल पर्यायी मालापेक्षा महाग नसावा! म्हणजे ‘महाग पडतं’ म्हणणाऱ्याची सोय कायद्यानेच करून ठेवलीय, तरी आपल्या अंगणवाडीच्या अंदाजपत्रकात लाल वीट.

लाल वीट म्हणजे चांगल्या जमिनीची वरची माती खरवडायची, भट्टी लावायची. राखेची वीट भाजत नाहीत, दाबून पाडतात आणि पाणी मारून पिकवतात. सगळ्या एका मापाच्या निघतात म्हणून जोडाईला सिमेंटचा माल कमी लागतो. गवंडी कुरकुरतात की प्लास्टर पकडत नाही, काठ झडतात. खोटं नाही बोलत ते, नीट न पिकवलेली वीट आली की असंच होतं. पण त्याला उपाय लाल वीट नाही, टेंडरमध्ये आयएस १२८९४ (राखेच्या विटेचं भारतीय मानक) लिहा, ताकदीचा न् पाणी शोषण्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, आणि गाडी खाली व्हायच्या आधी वीट वीटेवर आपटून बघा, खणखणीत वाजली पाहिजे, कंबरेएवढ्या उंचीवरून सोडली तर फुटायला नको. एवढं तर आपले आबा-अण्णा लाल विटेलाही करायचे.

आणि ज्यांना राखेचं नाव काढलं की नाक मुरडायचं असतं त्यांनी घरातल्या पीपीसी सिमेंटच्या गोणीकडे बघावं, तिच्यात ३५ टक्क्यांपर्यंत हीच राख असते.

वाळूचंही तेच. गिरणा नदीच्या वाळूउपशावरून आपल्या जिल्ह्यात काय काय होतं ते मी लिहायला नको, सगळ्यांना माहितीये. राज्याच्या २०२५ च्या धोरणात सरकारी बांधकामांत सुरुवातीला २० टक्के कृत्रिम वाळू सक्तीची केलीय. ही पण हरित खरेदीच, फक्त नाव तसं कुणी घेत नाही.

श्रीमंत देशांचे चोचले म्हणताय तर ब्राझील बघा. तिथे २००९ मध्ये कायदा केला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीला लागले पाहिजेत, त्यातही सेंद्रिय मालाला प्राधान्य. आपल्या शालेय पोषण आहारात दादर (आपल्याकडची ज्वारी) न् बाजरी अशी घेतली तर अमळनेर-शिरपूरच्या शेतकऱ्याचं काय वाईट होईल?

‘छोट्या सप्लायरला हाकलायचा डाव’

इथे मेसेजवाल्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. सर्टिफिकेट, लॅबची फी, टेस्ट रिपोर्ट, हे छोट्या माणसाला जड जातं. इकोमार्क नावाचं लेबल १९९१ ला काढलं, घेणारे मोजकेच निघाले, शेवटी २०२४ ला नियम नव्याने करावे लागले. पण भाऊ, छोटा सप्लायर टेंडरच्या बाहेर कशामुळे पडतो ते मी रोज बघतो: उलाढाल इतक्या कोटींची, तसल्याच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, वर ईएमडी (टेंडरची अनामत रक्कम). राखेच्या विटा पाडणारे तर बहुतेक छोटेच लोक आहेत, त्यांना राखेची अट नाही, उलाढालीची अट मारते. केंद्राच्या धोरणात २५ टक्के खरेदी लघुउद्योगांकडून करायची आहेच. हरित अट आणि लघुउद्योगाचा वाटा एकत्र लिहायला कुणी हात धरलेले नाहीत.

‘ई-बसचं काय झालं बघा’

बघितलं. एसटीच्या ५१५० ई-बसचा करार झाला आणि गाड्या वेळेवर आल्या नाहीत, खरंय. २०१७ ला ईईएसएलने १०,००० इलेक्ट्रिक गाड्यांचं टेंडर काढलं, तिथेही साहेब लोकांनी रेंजची तक्रार केली, चार्जिंगची बोंब होती. पण दुसऱ्या बाजूला २०२२ मध्ये पाच शहरांसाठी ५४५० बसचं एकत्र टेंडर निघालं, त्यात १२ मीटरच्या बसचा दर किलोमीटरला ४३.४९ रुपयांपर्यंत आला आणि एकूण दर सबसिडी न धरता डिझेलपेक्षा २७ टक्के कमी निघाले. कागदावरचा दर आणि डेपोतली बस यात अंतर असतं, म्हणून करारात दंड, चार्जिंगची जागा, डिलिव्हरीचं वेळापत्रक घट्ट बांधावं लागतं. डिझेल बसच्या करारालाही हे लागतंच.

उलट नुसतं हिरवं दिसतंय म्हणून घेणंही मला पटत नाही. २००४ मध्ये रेल्वेत चहाला कुल्हड (मातीचे कप) आणले होते, आठवतं ना? प्लास्टिक वाचतं म्हणून कौतुक झालं, पण लाल विटेची माती तीच आणि भट्टी तीच.

असो. पंख्याचं आणि विटेचं स्पेसिफिकेशन मी टाईप करून ठेवलंय, एक-एक पानाचंच आहे. कुणा ग्रामसेवक भाऊला, सरपंच ताईला पाहिजे असेल तर सांगा, फाईल टाकतो. त्यात ब्रँडचं नाव कुठेच नाही, तुम्हीही टाकू नका, नाहीतर ऑडिटवाले पहिलं तेच धरतील.